हातघडणीच्या चहादाण्यांची फिरती पेटी: काय घालावं, काय घालू नये?

चहाबाज
मंडळी, हातघडणीच्या चहादाण्या, कप, गायवान (झाकणाचे बिनमुठीचे चिनी पेले) जमवणारे इथे बरेच जण आहेत. कपाटात मांडून फोटो टाकणं पुष्कळ झालं, आता फिरती पेटी करावी असं डोक्यात आहे. पाच-सहा जणांनी प्रत्येकी एक भांडं द्यायचं. पेटी ज्याच्याकडे जाईल त्याने दोन आठवडे त्या भांड्यांत चहा करायचा, सोबतच्या वहीत नोंद करायची आणि पेटी पुढच्याकडे रवाना करायची. फेरी संपली की ज्याचं भांडं त्याला परत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चहादाणीची पारख पाणी ओतून होते. फोटोत सगळ्याच देखण्या दिसतात. धार कशी पडते, झाकण बसतं का, मूठ चटका देते का हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा खटाटोप.

प्रश्न असे:
१. बिनझिलईची, म्हणजे काचेसारखा थर (ग्लेझ) न दिलेली भांडी (चीनमधल्या यिशिंगची, जपानमधल्या तोकोनामेची वगैरे) पेटीत घालावीत का?
२. पाठवताना बांधणी कशी करावी?
३. पाठवण्याआधी काय तपासून लिहून ठेवावं, म्हणजे नंतर "तडा आधीचाच होता" यावरून जुंपणार नाही?

कानतुटका
तिन्हींचं उत्तर एकच. पाठवू नका. (हलके घ्या.)

तोटीबहाद्दर
धागा झकास. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

सामान फार लागत नाही: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, टॉर्च, पांढरा कागद.

आधी आकारमान. झाकणासकट रिकामी चहादाणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. झाकण काढून काठोकाठ पाणी भरा, झाकण बसवा, सांडलेलं पुसून घ्या, पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम तितके मिली. झाकण न लावता मोजलेला आकडा नेहमी फुगलेला येतो, कारण झाकणाची आतली कड पाण्यात उतरून तेवढं पाणी बाहेर ढकलते. 'दीडशे मिलीची' म्हणून आलेली चहादाणी एकशेपस्तीसची निघते ती अशी.

मग धार. पूर्ण भरून शेवटच्या थेंबापर्यंत ओता आणि सेकंद मोजा. १५० मिलीला दहा-बारा सेकंद ठीक. वीसच्या पुढे गेलं तर पहिल्या कपात एक चहा आणि शेवटच्या कपात दुसराच.

ओतता ओतता झाकणावरचं भोक बोटाने दाबा. धार तुटली तर झाकण चपखल आहे. बारीक होऊन चालूच राहिली तर सैल आहे, पण एवढ्यावरून हातघडणीचं भांडं बाद करू नये. उलट भोक मोकळं असूनही धार गचके खात असेल तर ते भोक ग्लेझने अर्धं बुजलेलं असतं. प्रकाशात धरून बघा. झाकण चारही बाजूंना फिरवून बसवून पाहा. हाताने केलेली पुष्कळ झाकणं एकाच स्थितीत नीट बसतात. ती स्थिती वहीत लिहा, नाहीतर पुढचा माणूस जोर लावून काठाचा टवका काढेल.

तोटीचं टोक तोंडाच्या काठाच्या पातळीत किंवा जरा वर हवं. खाली असेल तर भांडं पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून वाहायला लागतं.

तडा शोधायचा तर रिकामं भांडं तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. चिनी माती खणखणली पाहिजे. बद्द आवाज आला तर शंका घ्या. पण कमी तापमानाला भाजलेली किंवा ग्लेझला बारीक चिरांची जाळी पडलेली भांडी चांगली असली तरी बद्दच वाजतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. अंधारात आतून टॉर्च लावा. पातळ चिनी मातीत चीर रेघेसारखी उजळते. जाड भांडं असेल तर पाणी भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा, सकाळी कागद बघा.

गाळणी
वाचनखूण साठवली आहे.
तोटीखालून जो ओघळ येतो त्याचं काय? चांगल्या चांगल्या चहादाण्या शेवटी एक थेंब पोटावर सोडतातच.

भट्टीवाला
@गाळणी, तोटीच्या खालच्या ओठाला धार नसते म्हणून. ओतणं थांबवताना पाण्याचा प्रवाह मंदावतो, ओठ गोल असेल तर पाणी त्याला चिकटून वळतं आणि खाली उतरतं. करणाऱ्याने ओठ धारदार कापलेला असला तरी वर ग्लेझ बसून वितळली की कड गोल होते. म्हणून जाणते लोक ग्लेझ दिल्यावर टोक ओल्या स्पंजने पुसून घेतात. तयार भांड्याला उपाय म्हणजे ४०० आणि मग ८०० नंबरचा पाण्याचा सँडपेपर घेऊन ओठाची आतली बाजू जपून घासणे. घासायचं ते पाण्याखालीच, कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट. हे धाडस नको असेल तर ओठाखाली बोटाने खाण्यायोग्य मेणाचा जेमतेम लेप द्या. काही दिवस टिकतो.

तोटीबहाद्दरांच्या धारेच्या हिशेबात भर घालतो. दोष बहुतेक वेळा तोटीमागच्या चाळणीत असतो. तोटीचं टोक ७ मिमी व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौ. मिमी. मागे ३ मिमीची सात भोकं म्हणजे जवळपास ५० चौ. मिमी, उत्तम. आता ग्लेझ बसून तीच भोकं २ मिमीची झाली की सात मिळून २२ उरतात. तोटी मोकळी, पाणी मात्र मागेच अडलेलं. वर पानं येऊन चिकटतात ते वेगळंच. टॉर्च लावून भोकं मोजा, त्यांत काडी घालून बघा.

दुसरं, कोणाला 'मला बरोब्बर १५० मिलीची करून द्या' असं सांगायचं असेल तर कुंभारावर जरा दया करा. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण १२ टक्के आक्रसते, चिनी माती त्याहूनही जास्त. १२ टक्के हे लांबी-रुंदी-उंची प्रत्येकात, म्हणजे आकारमान ०.८८ चा घन, ०.६८ पट. १५० मिली हवी तर चाकावर ती २२० मिलीची करावी लागते. जाडी थोडी चुकली की पाच-दहा मिली इकडेतिकडे होणारच. झाकण त्याच मातीचं, त्याच दिवशी केलेलं आणि शक्यतो भांड्यावर बसवूनच भाजलेलं हवं. वेगळं भाजलं की वाकतं. नवं झाकण 'मापाने करून घेऊ' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कानतुटका
काडी घालून बघा म्हणाले, आणि या धाग्यावर काडी घालायला आता जांभळी_माती येतीलच.

जांभळी_माती
आलेच.

पहिल्या प्रश्नाला माझं स्पष्ट 'नाही'. यिशिंगची चहादाणी आतून-बाहेरून बिनझिलईची असते आणि माती पूर्ण काचेसारखी झालेली नसते. बारीक छिद्रांत चहाचं तेल, वास, रंग मुरतो. म्हणूनच एका चहादाणीत एकाच प्रकारचा चहा करायची पद्धत आहे. भाजक्या ऊलाँग चहावर जोपासलेलं भांडं पेटीतून फिरलं, मध्ये कोणी हौसेने त्यात लॅपसांग सुशाँग हा धुरावलेला चहा केला, की पुढच्या प्रत्येक चहाला लाकडाच्या धुराचा वास. कोणी सवयीने भांड्याच्या साबणाने घासलं तर आणखी वाईट. साबण आत बसतो आणि गरम पाणी ओतलं की दर वेळी थोडा थोडा बाहेर येतो.

चिनी मातीचे गायवान फिरवा, ग्लेझवाले कप फिरवा. यिशिंग ज्याची त्याच्या घरी.

उकळतं_पाणी
वास मुरतो हे मान्य. पण यिशिंगमध्ये चहा 'वेगळा लागतो' याचं निम्मं श्रेय उगाच मातीला जातं. ते उष्णतेचं असतं. हिशेब मांडतो.

१५० ग्रॅम पाणी, एक अंश तापायला साधारण ६२७ ज्यूल. २०० ग्रॅमची चहादाणी, भाजलेल्या मातीची उष्णताधारकता ग्रॅमला ०.८५ धरली तर १७० ज्यूल. चहादाणी २५ अंशांवर, पाणी ९५ वर. दोन्ही एका तापमानाला आली की आकडा येतो ८०. म्हणजे पानांना पाणी लागलं तेच ८० अंशांचं. तेच पाणी ९० ग्रॅमच्या पातळ गायवानमध्ये ओतलं तर ८७. सात अंशांचा फरक, माती कुठलीही असो. हवेत जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

आता दोन्ही भांडी आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतली तर चित्र उलटतं: जड चहादाणी उष्णता धरून ठेवते आणि उघडं, पातळ गायवान लवकर निवतं. भांडं तापवलं होतं की नाही हे न सांगता 'या मातीत चहा गोड लागतो' म्हणणं म्हणजे नुसत्या गप्पा.

पेटीच्या वहीत म्हणून भांड्याचं वजन हवंच. मी तर ते आकारमानाच्या आधी लिहीन.

जांभळी_माती
हिशेब चोख आहे, पण माझा मुद्दा त्याने खोडला जात नाही. कोरड्या, वापरातल्या चहादाणीत नुसतं उकळतं पाणी घाला, झाकण लावून पाच मिनिटं थांबा, मग ते पाणी कपात ओतून वास घ्या. ग्लेझवाल्या भांड्याशी ताडून पाहा. फरक नाकाला कळतो, त्याला थर्मामीटर लागत नाही.

उकळतं_पाणी
वास राहतो हे मी आधीच मान्य केलंय की! राहिलेला वास चहा 'सुधारतो' का, हा प्रश्न आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. सारख्या आकाराच्या, सारख्या वजनाच्या दोन चहादाण्या, एक आतून ग्लेझवाली, एक नाही. तिसऱ्या माणसाने पडद्यामागे ओतायचं. तीन कप, दोन एकातले आणि एक दुसऱ्यातला. वेगळा कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून एका प्रयत्नावर नाचू नका, निदान दहा-बारा वेळा करा.

कानतुटका
पडद्यामागे चहा ओतणारा तिसरा माणूस मिळाला तर मी तो चहा कसल्याही भांड्यात पिईन.

भट्टीवाला
वरच्या वादात एक तांत्रिक टीप. मुरलेला वास भट्टीत जाळून काढता येतो. भांडं पूर्ण वाळवायचं (निदान आठवडाभर कोरड्या जागी), मग विजेच्या भट्टीत अगदी सावकाश ६०० अंशांच्या आसपास न्यायचं. तेल-राप सगळं जळून जातं. धोका ५७३ अंशांपाशी आहे. तिथे क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि निवताना तिथेच आक्रसतो. तिथे घाई केली की तडा. जोडलेलं, डिंक-रेझिन लावलेलं भांडं तर भट्टीत घालूच नये. आणि वर्षानुवर्षांची चकाकी जाते ती जातेच. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पेटीच्या प्रत्येक फेरीनंतर करायचा उद्योग नव्हे.

गाळणी
माझी शंका राहिली. ग्लेझवाली चालतील म्हणताय, पण ग्लेझलाच बारीक जाळी असेल तर? जपानमधल्या हागीचे कप तसेच असतात ना?

झिलई
छान प्रश्न, आणि पेटीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. लोक 'ग्लेझ आहे म्हणजे सुरक्षित' असं धरून चालतात.

जाळी पडते कारण निवताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आक्रसते. ग्लेझ ताणली जाते आणि तडकते. कधी ते भट्टीतून निघताना टिणटिण आवाजात ऐकू येतं, कधी महिन्यांनी होतं, कारण कमी भाजलेली माती हवेतली ओल शोषून हळूहळू फुगते. उलट प्रकार अधिक वाईट: ग्लेझ गरजेपेक्षा जास्त दाबाखाली असेल तर काठावरून पापुद्रे सुटतात. काठावर नख फिरवून बघा, काही टोचलं तर ते भांडं पिण्यासाठी बाद. ती काचच असते.

मग जाळीवाल्या भांड्यात माती कुठली हे बघायचं. चिनी मातीची पाणीशोषकता अर्ध्या टक्क्याहून कमी, तिच्यावर जाळी असली तरी रेघांत फक्त रंग बसतो. पक्कं भाजलेलं दगडी भांडं (स्टोनवेअर, दगडासारखी घट्ट माती) एक-दोन टक्क्यांवर, तेही ठीक. हागीसारखी सैल माती बरंच पाणी पिते. चहा रेघांतून आत उतरतो आणि रंग बदलत जातो. हागीच्या चाहत्यांना तर तेच हवं असतं. पण नवीन असताना बुडातून पाझरतं, आणि ओलं ठेवलं तर आत बुरशी धरते. पाझर थांबवायला ते लोक तांदळाच्या धुवणात भांडं मंद आचेवर उकळून त्यातच निवू देतात. पिठूळ पाणी छिद्रांत बसतं. वापरण्याआधी थोडा वेळ स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवलं तर चहा कमी शोषला जातो.

पेटीत हागी घालायचं असेल तर जांभळी_माती यांचाच नियम त्यालाही लागतो.

आता शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू. शंका घ्यायची ती यांची: कमी तापमानाच्या भडक लाल, नारिंगी, पिवळ्या ग्लेझ, जुन्या आणि कोणी केल्या ते माहीत नसलेल्या चहादाण्या, आतून सोनेरी-धातूसारखी चमक असलेले कप, आणि राकू ही जपानी भांडी. राकूची परंपरा सोळाव्या शतकातल्या चोजिरोपासूनची आहे, दिसायला अप्रतिम, पण ते भांडं कमी तापमानाचं, सच्छिद्र, आणि त्याच्या जुन्या पद्धतीच्या ग्लेझमध्ये शिसं असायचं. पाश्चात्त्य पद्धतीचं, भुशात धुरावलेलं राकू तर शोभेलाच ठेवावं.

प्रयोगशाळेत चाचणी होते ती ४ टक्के ॲसेटिक ॲसिड भांड्यात २४ तास ठेवून, उतरलेलं शिसं आणि कॅडमियम मोजून. घरी व्हिनेगर घालून २४ तास ठेवून पाहता येतं: रंग फिका पडला, चमक गेली, हाताला खरखरीत लागलं तर ग्लेझ कच्ची आहे हे नक्की. काही बदललं नाही म्हणजे शिसं नाही, असं मात्र सिद्ध होत नाही. तांब्याच्या हिरव्या, मॅट ग्लेझ या परीक्षेत पुष्कळदा नापास होतात. जे शंकास्पद ते बाहेरच्या कपाटात, पेटीत नाही.

चहाबाज
झिलई, दंडवत. माझ्या डोक्यात फक्त 'फुटेल का' एवढंच होतं.

खोकेवाली
फुटेल का, हा माझा प्रांत. :)

पहिलं काम झाकण वेगळं करणं. झाकण भांड्यावर चिकटपट्टीने बांधून पाठवणारे लोक आहेत, आणि त्यांना टवके मिळतात. भांड्याच्या आत चुरगळलेला मऊ कागद भरा, पण ठासू नका. भांड्याला थेट लागणारा थर कोऱ्या कागदाचाच हवा. वर्तमानपत्राची शाई बिनझिलईच्या बुडाला लागते आणि निघत नाही.

सगळ्यात जास्त फुटतात त्या तोटी आणि मूठ, आणि त्याला कारण गुंडाळणाऱ्याची चुकीची माया. लोक तोटीभोवती जाड पट्टा गुंडाळतात, मग सगळा भार त्या फुगवट्यावर येतो आणि धक्का बसला की तोटी मुळातून सुटते. करायचं ते उलट. तोटी आणि पोट यांच्यामधली पोकळी आणि मुठीची पोकळी कागदाने हलकेच भरून काढा, म्हणजे एकंदर आकार गोळ्यासारखा होईल. मग त्या गोळ्याला बबल रॅपचे तीन-चार वेढे. पूर्ण झाल्यावर वरून बोटाने चाचपलं तर तोटी कुठे आहे ते कळता कामा नये.

हा गोळा लहान खोक्यात. लहान खोका मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी निदान पाच सेंमी भरण. बुडाखालीही! बूड विसरणारे पुष्कळ. बंद करून खोका कानाशी धरून हलवा. काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

चार भांडी असतील तर चार लहान खोके, मध्ये पुठ्ठ्याची उभी पट्टी. जड भांडं खाली. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला सुरी चालवावी लागत नाही. सुरीने ग्लेझवर ओरखडा पडल्याचे फोटो पुष्कळ पाहिलेत.

आणि पाठवण्याआधी भांडं पूर्ण वाळवा. धुतल्यावर झाकण काढून, उपडं न ठेवता, निदान दोन दिवस. उपडं ठेवलं की आत वाफ कोंडते. प्लास्टिकमध्ये ओलं बांधलं तर पोचेपर्यंत बुरशीचा वास.

तोटीबहाद्दर
+१, विशेषतः पोकळी भरण्याच्या मुद्द्याला. भर एवढीच की बांधताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून पेटीत छापील प्रत टाका. आलेलं सामान पुन्हा तसंच बांधता आलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या हातापर्यंत बांधणी ढिली होते, फुटतं ते तेव्हाच.

जुनाबाजार
नोंदींबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

फोटो पाच हवेत: बाजूने, वरून झाकण काढून, बुडाचा, करणाऱ्याच्या शिक्क्याचा, आणि तोटीच्या आतल्या भोकांचा. शेजारी मोजपट्टी आणि कोरा पांढरा कागद, म्हणजे रंग ताडता येतो. एका बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला तर टवके आणि जाळी दोन्ही गायब होतात.

शिक्का यिशिंगवर बुडाला, झाकणाच्या आत आणि कधी मुठीखाली असतो. शिक्क्यावर विसंबू नका, शिक्का कोणीही कोरून घेतं. बांधणी बघा. अस्सल हातघडणीची यिशिंग चाकावर केलेली नसते. मातीची पट्टी थापून नळा करतात, लाकडी फळीने ठोकून आकार देतात. आत बोट फिरवलं तर जोड बहुधा मुठीच्या बाजूला लागतो. आत सर्पिल बोटांच्या रेघा दिसल्या तर ती चाकावरची आहे. साच्यात ओतलेली असेल तर आतलं रूप बाहेरच्या रूपाची हुबेहूब नक्कल असतं आणि भिंत सगळीकडे एकसारखी, बारीक जोडरेघेसकट. साच्यातली चहादाणी वाईट नसते, पण वहीत तसं लिहा.

'जुनी' म्हणून येणाऱ्या चहादाण्यांवर बुटाचं पॉलिश चोळलेलं असतं. गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या कपड्याने पुसा. तपकिरी तेलकट डाग आणि पॉलिशचा वास आला तर समजून जा. दुरुस्ती लपवली असेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारा, बहुतेक आधुनिक रेझिन त्यात वेगळं चमकतं.

जपानी भांड्याची करणाऱ्याने सही केलेली लाकडी पेटी असेल तर ती घरी ठेवा, फिरत्या पेटीत भांडंच जाऊ दे. पेटी हरवली की भांड्याचा अर्धा इतिहास गेला.

कानतुटका
आता एक गंभीर प्रश्न, माझ्या नावाला शोभेल असा. कान तुटलेला कप जोडून पेटीत चालेल का? आणि आपण डावखुरे. ती क्यूसूची (जपानी चहादाणीची) बाजूची मूठ आमच्यावर सूड उगवायलाच काढलीय का?

सांधेजोड
डावखुऱ्यांसाठी: बाजूला मूठ असलेली क्यूसू उजव्या हाताने धरून अंगठ्याने झाकण दाबायला केलेली असते, मूठ तोटीशी साधारण काटकोनात. डाव्या हाताने धरली तर तोटी उलटीकडे, स्वतःकडे वळते. डावखुऱ्यांच्या क्यूसू करून मिळतात, नाहीतर मागे मूठ असलेली किंवा वरून कडी असलेली घ्या. आणि सरळ गायवान वापरा, त्याला डावं-उजवं नाही.

जोडकामाबद्दल. बाजारात 'किंत्सुगी संच' (किंत्सुगी म्हणजे तुटकं भांडं सोनेरी सांध्याने जोडणं) म्हणून मिळतात त्यांतले बरेच इपॉक्सी आणि सोनेरी भुकटी. घरगुती इपॉक्सी ५०-६० अंशांपासून मऊ पडायला लागतं. गरम चहाच्या कपाचा कान त्याने जोडणं म्हणजे मांडीवर चहा घेणं. खरं किंत्सुगी उरुशी लाखेचं. पीठ आणि उरुशी मिसळून चिकटवायचं, पोकळी बारीक मातीची भुकटी आणि उरुशीने भरायची, घासायची, पुन्हा लाख, मग सोनं. प्रत्येक थर वाळायला कोरडी नव्हे, दमट हवा लागते, ७० ते ८५ टक्के आर्द्रता, आणि सगळं मिळून आठवडे-महिने जातात. ओल्या उरुशीने अंगावर वाईट पुरळ उठतं, हातमोजे सक्तीचे. पूर्ण पक्की झालेली उरुशी चहाला चालते.

तरीही कानाचा सांधा भार घेतो. काठाचा टवका उरुशीने भरलेला असेल तर पेटीत चालेल. जोडलेला कान नको.

गाळणी
आणि चहाचे डाग? वहीत लिहायचं का की 'धुवून पाठवा'?

झिलई
लिहाच, पण पद्धतीसकट. ग्लेझवाल्या भांड्याला खाण्याचा सोडा ओल्या बोटावर घेऊन चोळा. हट्टी डागाला सोडियम परकार्बोनेट, लिटरभर गरम पाण्यात एक चमचा, अर्धा तास. क्लोरीनचं ब्लीच नको. पांढरा क्षारांचा थर असेल तर सायट्रिक ॲसिड, लिटरला दहा ग्रॅम, अर्धा तास, मग स्वच्छ धुणं. ॲसिड मॅट आणि कमी तापमानाच्या ग्लेझवर नको. जाळीच्या रेघांतला रंग निघणार नाही, त्याच्या मागे लागू नका. बिनझिलईच्या भांड्याला फक्त गरम पाणी.

चहाबाज
सगळ्यांचे आभार. पहिल्या पेटीचे नियम असे ठरवू या का?

फक्त आतून पक्क्या ग्लेझची भांडी, जाळी असेल तर चिनी माती किंवा पक्कं दगडी. राकू, सोनेरी आतले कप, अनोळखी जुनी भांडी नाहीत. जोडलेले कान, तोट्या नाहीत. प्रत्येक भांड्याबरोबर वजन, झाकणासह आकारमान, धारेचे सेकंद, झाकणाची स्थिती, पाच फोटो. पेटी आल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी टिचकी आणि टॉर्च, दोन्ही नोंदी वहीत.

बिनझिलईची वगळली. जांभळी_माती जिंकल्या.

उकळतं_पाणी
असहमत. सरसकट वगळलीत तर ज्यावरून एवढा वाद झाला तेच भांडं कोणाच्या हातात येणार नाही. वेगळी छोटी पेटी करा: एक यिशिंग, तिच्याच वजन-आकाराची एक आतून ग्लेझवाली, आणि मोहोरबंद पुड्यांतून एकच ऊलाँग, प्रत्येक पुडी ५ ग्रॅमची. दुसरा चहा घालायचाच नाही. तीन कपांची परीक्षा करून निकाल बंद पाकिटात.

जांभळी_माती
एकच चहा असेल तर माझी हरकत नाही. माझी एक यिशिंग भाजक्या ऊलाँगवरच आहे, ती देते. अट: साबण लावल्याचं कळलं तर त्या सभासदाने तिला पाणी बदलत बदलत उकळून काढायचं, माझं समाधान होईपर्यंत.

भट्टीवाला
ग्लेझवाली जोडीदार मी करतो. वजन, मिली, भिंतीची जाडी आणि भोकांची संख्या कळवा. आतली ग्लेझ पातळ देईन, म्हणजे भोकं बुजणार नाहीत. पाच-दहा मिलीचा फरक धरून चाला, वर सांगितलंच आहे.

जांभळी_माती
आज मोजलं: झाकणासह १४० मिली, १८५ ग्रॅम, भिंत तीन मिमीच्या आसपास, भोकं नऊ. झाकण एकाच स्थितीत बसतं, शिक्का तोटीच्या रेषेत आला पाहिजे. बुडाचा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे.

कानतुटका
आणि पडद्यामागचा तिसरा माणूस?

खोकेवाली
तो ज्याने त्याने आपल्या घरात शोधावा. तो पेटीत मावणार नाही, भरण पाच सेंमी सोडून मोजलंय.